पितळेची मींड

भंडाऱ्याची ओळख करून देताना आम्ही इथली माणसं दोन गोष्टी हटकून सांगतो : तळी आणि पितळ. रतनपूरच्या इ.स. ११००च्या शिलालेखात या गावाचं नाव ‘भानारा’ असं येतं. अभ्यासक त्याची व्युत्पत्ती शोधत राहोत, गावातला जाणता माणूस मात्र त्या नावाचं नातं थेट भांड्यांशी जोडून मोकळा होतो. गुंड, हंडे, कळशा, पराती, समया हे सारं इथल्या हातोड्याखालून विदर्भभर गेलं. पुढे स्टेनलेस स्टील आलं आणि हातोडे कमी झाले, पण ‘पितळेचं गाव’ ही ओळख टिकली.

या लेखाचा विषय मात्र भंडाऱ्यात न घडणारी पितळेची एक वस्तू आहे. ती म्हणजे ट्रॉम्बोन. बँडमध्ये एखादा वादक लांबट दुहेरी नळी पुढे-मागे सरकवत वाजवताना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना नाव ठाऊक नसलं तरी वाद्य ठाऊक आहे. हे वाद्य एकेका देशाची वेस ओलांडत कसं फिरलं, ते छोट्या मेळात वाजवणारे लोक कोण होते आणि आमच्या भागात येईपर्यंत त्याचं काय झालं, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे. मी संगीताचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून जी पुस्तकं हाती लागली ती वाचली आणि भंडारा, तुमसर, पवनी, साकोली इथल्या बँडवाल्यांजवळ बसून विचारत गेलो. त्यातून जे हाती आलं त्याची ही मांडणी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. युरोपात या वाद्याला दोन घरं मिळाली, रस्ता आणि दिवाणखाना. गोव्याच्या वादकांनी मुंबईत त्याला तिसरं घर मिळवून दिलं, ते म्हणजे ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ. आमच्याकडे पितळी वाद्य आलं ते रस्त्यावर, आणि रस्त्यावरच राहिलं. याचं कारण वाद्यात नाही आणि वाजवणाऱ्याच्या कानातही नाही. त्याला बसायला जागा कोणी दिली नाही, हे कारण आहे.

पडदे नसलेलं वाद्य

पितळी वाद्याचं तत्त्व सोपं आहे. वादक ओठ घट्ट मिटून फुंकतो, ओठ थरथरतात आणि नळीतली हवा त्या थरथरीला सूर देते. पण ठरावीक लांबीच्या नळीतून सगळे सूर निघत नाहीत. षड्ज, त्याच्या वरचा षड्ज, मग पंचम, पुन्हा षड्ज, गांधार, पंचम अशी निसर्गाने घालून दिलेली शिडीच तेवढी मिळते. लष्करी बिगूल ऐकला की ही शिडी लगेच ओळखू येते. मधले सूर हवे असतील तर नळीची लांबी बदलावी लागते.

ट्रंपेटमध्ये हे काम तीन कळा करतात. कळ दाबली की जास्तीच्या नळीचा तुकडा वाटेत जोडला जातो. अशा कळांचा शोध जर्मनीत लागला तो १८१८च्या सुमारास. ट्रॉम्बोनची नळी त्याआधी साडेतीनशे वर्षं सरकत होती. पंधराव्या शतकातल्या कारागिरांनी साधी युक्ती केली : एका नळीवर दुसरी नळी चढवली आणि बाहेरची मोकळी ठेवली. नळी ओढली की लांबी वाढते आणि सूर उतरतो.

नेहमीच्या वापरातल्या ट्रॉम्बोनची नळी सरळ केली तर सुमारे २.७ मीटर भरते. सरकत्या नळीच्या सात जागा मानल्या जातात आणि दर जागेला सूर अर्ध्या स्वराने खाली जातो. या जागा समान अंतरावर नसतात. पहिली आणि दुसरी यांच्यात साधारण आठ सेंटिमीटर, तर सहावी आणि सातवी यांच्यात साधारण अकरा. सतारीचे पडदे वर विरळ आणि घोडीकडे दाट होत जातात, त्यामागे हाच हिशेब आहे. फरक इतकाच की सतारीवर पडदे दिसतात, इथे काहीच दिसत नाही. नळीवर खूण नसते, खाच नसते. तुमसरच्या एका वयस्क वादकाला मी विचारलं, की जागा कशी कळते? त्याने हाताकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसतं कानाला बोट लावलं.

म्हणजे ट्रंपेटचं नातं पेटीशी आणि ट्रॉम्बोनचं सारंगीशी. आपल्या संगीताच्या दृष्टीने याला महत्त्व आहे, कारण या वाद्यातून मींड निघते. मात्र तिला एक मर्यादा आहे, आणि ती मला फार गमतीची वाटते. नळी पूर्ण लांबवून षड्ज धरला आणि सलग आत ओढत आणली, तर मींड सहा अर्धस्वर चढते आणि बरोबर तीव्र मध्यमावर येऊन थांबते. पंचम एक पाऊल पुढे राहतो. तिथे पोहोचायचं तर ओठांनी नवी पायरी पकडावी लागते.

युरोपातल्या शिक्षणात ही घसरण ऐकू येऊ नये यासाठीच विद्यार्थ्याची वर्षं खर्ची पडतात. नळी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाते त्या क्षणी जिभेने हवा हलकेच अडवायची आणि दोन सूर स्वच्छ वेगळे करायचे, हा तिथला पहिला धडा. मुद्दाम काढलेली घसरण तिथे बहुधा विनोदाला किंवा नाट्यमय जागेला वापरली जाते. आपल्याकडे तीच गोष्ट गायकीचा प्राण मानली जाते. एकाच नळीकडे पाहण्याच्या या दोन रीती लक्षात ठेवल्या तर पुढचा प्रवास समजायला सोपा जाईल.

चार नळ्या आणि एक गांधार

युरोपात ‘चेंबर’ संगीत म्हणतात ते आपल्या बैठकीच्या जवळचं. वादक तीन, चार, फार तर आठ-दहा. प्रत्येक सुरावटीला एकच माणूस आणि समोर काठी हलवणारा कोणी नाही. मोठ्या वाद्यवृंदात एखादा चुकला तर शेजारी झाकून नेतो. इथे झाकायला कोणी नसतं.

ट्रॉम्बोनचा छोटा मेळ हा या प्रकारातला फार जुना मेळ आहे. व्हेनिसचा जोव्हान्नी गाब्रिएली याने १५९७ मध्ये एक संग्रह छापला. त्यातल्या ‘सोनाता पियान ए फोर्ते’ या रचनेत आठ वादक दोन गटांत समोरासमोर असतात आणि त्या आठांपैकी सहा ट्रॉम्बोन आहेत. कुठे हळू वाजवायचं आणि कुठे जोरात, हे छापून सांगणाऱ्या अगदी सुरुवातीच्या रचनांपैकी ही एक. एका गटाने हळू बोलावं, दुसऱ्याने उत्तर द्यावं आणि मग दोघांनी मिळून चर्चचा घुमट भरून टाकावा, असा तिचा थाट.

याच गाब्रिएलीकडे १६०९ मध्ये हाइनरिश श्यूत्स नावाचा जर्मन तरुण शिकायला आला. आल्प्स ओलांडून, परभाषेत. गुरू १६१२ मध्ये वारले तेव्हा तो परतला आणि पुढे ड्रेस्डेनच्या दरबारी रुजू झाला. त्याने १६२९ मध्ये व्हेनिसमध्येच छापलेल्या संग्रहात एक विलापगीत आहे : राजा दावीद मेलेल्या मुलासाठी शोक करतो, ते. गायक एकच, खर्जाच्या आवाजाचा, आणि भोवती चार ट्रॉम्बोन. कॅथलिक इटलीत शिकलेली गोष्ट प्रोटेस्टंट जर्मनीत गेली. त्या काळात या दोन पंथांत तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं होतं, हे ध्यानात घेतलं म्हणजे या प्रवासाचं मोल कळतं.

हे वाजवणारे लोक कोण? जर्मन शहरांत नगरपालिकेच्या पगारावर वादक नेमलेले असत. त्यांना तिथे ‘श्टाटफायफर’ म्हणत; आपण ‘नगरवादक’ म्हणू. त्यांचं काम काय काय होतं ते पाहिलं की आपल्या बँडवाल्याचीच आठवण येते. बुरुजावरून वेळ वाजवायची, मिरवणुकीपुढे चालायचं, पाहुण्यांचं स्वागत करायचं आणि लग्नं वाजवायची. लग्नाचं वाजवणं हा तर त्यांच्या कमाईचा मोठा भाग होता. लाइपझिगच्या नगरवादकांपैकी योहान पेत्सेल याने १६७० मध्ये बुरुजावरच्या दहाच्या ठोक्याच्या वादनासाठी चाळीस रचना छापल्या, आणि १६८५ मध्ये दोन कॉर्नेट व तीन ट्रॉम्बोन यांच्यासाठी पुन्हा एक संग्रह. जो माणूस सकाळी लग्नाच्या वरातीत चालला तोच रविवारी चर्चमध्ये उपासनेचं संगीत वाजवायला बसत असे. त्याच्यासाठी रचना लिहिल्या गेल्या आणि त्या छापल्या गेल्या, म्हणून त्याचं काम आज आपल्याला कळतं.

या मेळाने समुद्रही ओलांडला. मोरावियन पंथाचे लोक जर्मनीतून अमेरिकेत गेले आणि पेनसिल्वेनियातल्या बेथलहेम गावी १७५४ पासून त्यांचा ट्रॉम्बोन-मेळ सुरू झाला. लहान-मोठ्या चार आकारांचे ट्रॉम्बोन, म्हणजे गाण्याच्या चार आवाजांसारखे. गावात कोणी वारलं की हा मेळ उंचावर चढून वाजवत असे, आणि कोणती धून वाजली यावरून गेलेला माणूस विवाहित की अविवाहित, पुरुष की बाई, हे खाली शेतात काम करणाऱ्याला कळे. बेथोव्हेनने १८१२ मध्ये लिंझ गावी चार ट्रॉम्बोनसाठी तीन छोट्या रचना लिहिल्या त्या मृतांच्या स्मरणदिनासाठी. १८२७ मध्ये त्याच्याच अंत्ययात्रेत त्यांतल्या दोन वाजल्या.

पण निरनिराळ्या गावचे, निरनिराळ्या भाषांचे चार वादक एकत्र बसले की ते सूर जुळवतात कसे? इथे आपल्या वाचकाला तंबोऱ्याचा दाखला पुरेसा आहे. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गांधार ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो. पितळी नळीतली निसर्गाची शिडी चढताना पाचव्या पायरीवर तोच गांधार बसलेला आहे. पेटीवरचा किंवा पियानोवरचा गांधार त्याहून किंचित चढा असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांनी. पेटीच्या याच बांधीव सुरांवरून आपल्याकडे केवढा वाद झाला आणि १९४० ते १९७१ अशी तीन दशकं पेटी आकाशवाणीबाहेर राहिली, हे जुन्या रसिकांना आठवत असेल.

ट्रॉम्बोनवाल्यासमोर तो वाद नसतोच. पियानोबरोबर वाजवताना तो गांधार थोडा चढवून घेतो. चार ट्रॉम्बोन एकत्र असले की ज्याच्या वाट्याला गांधार येतो तो नळी अंगठ्याएवढी बाहेर सारतो. सूर जुळले नसले की कानात एक डोल ऐकू येतो, वाव्-वाव् असा. नळी सरकत जाते तसा तो डोल मंदावतो आणि मग थांबतो. त्या क्षणी चार वाद्यांचा मिळून एकच भरीव आवाज होतो. यासाठी एकमेकांची भाषा यावी लागत नाही. मात्र शेजाऱ्याचा सूर ऐकून आपली जागा तेवढीशी सोडावी लागते, आणि त्यासाठी शांत खोली व थोडा वेळ लागतो. गर्दीत, ढोलाच्या शेजारी, चालताना हे साधत नाही.

कॅसलरॉकच्या पलीकडून

आता आपल्या मुलखात येऊ. मराठी माणसाच्या शेजारी पाश्चात्य पद्धतीने शिकलेले वादक तयार झाले ते गोव्यात. तिथे १५१० ते १९६१ पोर्तुगीजांची राजवट होती. चर्चला जोडलेल्या शाळांत उपासनेचं गाणं बसवता यावं म्हणून मुलांना लहानपणीच पाश्चात्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. शिक्षण मिळालं, पण त्या शिक्षणावर पोट भरेल असं काम गोव्यात नव्हतं. म्हणून हे वादक कॅसलरॉकची सरहद्द ओलांडून ब्रिटिश हिंदुस्थानात येत. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गोव्यातल्या गावागावांच्या ‘कूड’ असत; एक पेटी आणि झोपण्यापुरती जागा एवढ्यावर माणूस तिथे राहू शके. लष्कराचे बँड, संस्थानिकांचे बँड, मूकपटांचे वाद्यमेळ, हॉटेलांतलं जॅझ अशी कामं त्यांनी केली. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि चित्रपट बोलू-गाऊ लागले, तेव्हा स्वरलिपी वाचून तत्काळ वाजवणारा माणूस हवाच होता.

मराठी संगीतकारांशी त्यांची गाठ इथे पडली. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि आल्दोन्याचे ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ‘चिक चॉकलेट’, यांची जोडी प्रसिद्ध आहे. मास्टर भगवान यांच्या ‘अलबेला’त (१९५१) हा वादक आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतो. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं, आणि १९५८ मध्ये भारतीय रागांवर स्वतः रचलेलं संगीत मोठ्या वाद्यवृंदाकडून मुंबईत सादर केलं. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले होते. ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात त्यांचं नाव आलं ते प्यारेलाल यांच्या गुरुभक्तीमुळे.

ट्रॉम्बोनपुरतं बोलायचं तर ब्लास्को मोन्सोरेट यांचं नाव घ्यायला हवं. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यमेळात त्यांचा ट्रॉम्बोन होता. त्यांचे बंधू जो आणि बॉस्को हे ट्रंपेटवादक. त्या काळचं ध्वनिमुद्रण सगळे वादक एकत्र बसून होत असे. मोठ्या वाद्यवृंदाच्या आत पितळी वाद्यांचे तीन-चार वादक मिळून आपला एक छोटा मेळ करत. अनुयोजकाने लिहिलेला कागद समोर, एकेका सुरावटीला एकेक वादक, आणि एक जण चुकला की सर्वांना पुन्हा पहिल्यापासून. युरोपातल्या दिवाणखान्याची शिस्त ती हीच.

ही सरहद्द नेहमी आजच्यासारखी मोकळी नव्हती. १९५५ मध्ये भारताने गोव्याशी रेल्वेची ये-जा थांबवली, तेव्हापासून १९६१ पर्यंत मुंबईत वाजवणाऱ्याला आपल्याच गावी जाणं अवघड झालं होतं. त्याच वर्षांत ही माणसं हिंदी-मराठी गाण्यांत आपला श्वास ओतत होती. पण चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचं नाव येई, क्वचित सहायकाचं. वादकांची नावं नसत. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातले ग्रेगरी बूथ यांनी मुंबईत येऊन या वादकांच्या मुलाखती घेतल्या आणि २००८ मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यातली पुष्कळ नावं पहिल्यांदा नीट छापली गेली. त्याआधी २००५ मध्ये याच माणसाने ‘ब्रास बाजा’ या नावाने भारतातल्या लग्नाच्या बँडवर पुस्तक लिहिलं होतं. आपल्या दारात रोज वाजणाऱ्या गोष्टीवर परक्या देशातला माणूस दोन ग्रंथ लिहितो, याचा आपण थोडा विचार करायला हवा.

बावनथडीच्या दोन्ही तीरांवर

भंडाऱ्याला समुद्र नाही आणि पोर्तुगीजही नव्हते. इकडे पितळी वाद्याची ओळख झाली ती छावणीमुळे. नागपूरजवळ कामठीची छावणी १८२१ ची. पलटणीबरोबर बँड आलाच. आजही कामठीत गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, आणि सैन्याच्या वादकांना शिकवणारी संस्था १९५० पासून सातपुड्यात पचमढीला आहे. लष्करी बँडच्या पहिल्या रांगेत बहुधा ट्रॉम्बोनवाले चालतात. शिस्तीपेक्षा यात सोय अधिक आहे : नळी दोन फूट पुढे जाते, समोर कोणी असला तर त्याच्या पाठीत बसेल.

वाद्यं येत ती मेरठहून. तिथली नादिर अली आणि कंपनी १८८५ची, म्हणजे राष्ट्रीय सभेच्या वयाची. लष्करी बँडचा अनुभव असलेल्या माणसाने ती सुरू केली, आणि पुढे मेरठची जली कोठी ही देशभरच्या बँडवाल्यांची बाजारपेठ झाली. पितळेच्या गावात ही वाद्यं का घडली नाहीत, असं मला अनेकांनी विचारलं आहे. धातू तोच आहे. तांबं सुमारे सत्तर भाग आणि जस्त तीस. भोंग्याचा रुंद भाग पत्र्यातून ठोकून काढतात, ते काम आमच्या तांबट-कासारांना परकं नाही. अडचण नळीत आहे. वळण देताना नळी चेपू नये म्हणून तिच्यात राळ किंवा शिसं ओतून, वाकवून, मग ते वितळवून काढावं लागतं. ट्रॉम्बोनची आतली आणि बाहेरची नळी तर केसापेक्षा कमी फटीत एकमेकींवर सरकायला हवी. हंड्याला एवढ्या काटेकोरपणाची गरज नसते आणि परातीला गिऱ्हाईक दारात होतं. ज्याला बाजार होता ते घडलं.

रस्त्यावरच्या बँडमध्येही सरकत्या नळीचा ट्रॉम्बोन कमीच राहिला. ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, युफोनियम ही वाद्यं पुढे गेली. कारणं रस्त्यातच आहेत. नाचणाऱ्या वऱ्हाड्यांत दोन फूट नळी सोडायला जागा नसते. धूळ बसली की नळी अडते, कोणाचा धक्का लागून ती जरा जरी वाकली तर सरकतच नाही, आणि तशी नळी सरळ करणारा कारागीर दर गावी मिळत नाही. म्हणून कळांचा ट्रॉम्बोन वापरतात. घोडदळाच्या बँडनेही तोच पत्करला होता, कारण तो एका हाताने वाजतो आणि दुसऱ्या हातात लगाम राहतो. सोय झाली, पण कळ लावली की मींड गेली.

या बँडवाल्यांच्या वाट्यालाही एक सरहद्द आली, आणि ती त्यांनी ओलांडलेली नव्हे, त्यांच्या पायाखालून सरकलेली. भंडारा आणि बालाघाट हे जिल्हे मध्य प्रांतात एकत्र होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तुमसरच्या उत्तरेला बावनथडीपलीकडची गावं परराज्यात गेली. सोयरिकी मात्र होत्या तिथेच राहिल्या. पोवार समाज भंडारा, गोंदिया, बालाघाट आणि शिवनी अशा चारही जिल्ह्यांत पसरलेला आहे. नवरदेव एका राज्यातला आणि नवरी दुसऱ्या राज्यातली ही इथली रोजची गोष्ट. वरातीबरोबर बँड जातो. इकडे मराठी बोलणारा मास्तर आणि तिकडे हिंदी बोलणारा क्लॅरिनेटवाला हंगामापुरते एका गणवेशात येतात, लग्नसराई संपली की पांगतात. त्यांच्यापाशी स्वरलिपी नसते; गाणं ऐकून उचलायचं आणि एकमेकांच्या कानाने बसवायचं. ट्रॉम्बोनच्या छोट्या मेळाला लागणारं पहिलं भांडवल म्हणजे कान, आणि ते या माणसांकडे भरपूर आहे.

बसायला जागा

मग उरतं काय? गावगाड्यात वाजवण्याचं काम काही ठरावीक जातींच्या वाट्याला आलं होतं, आणि त्या कामाला मान नव्हता. शुभकार्य वाजंत्र्याशिवाय होत नसे, पण वाजंत्री मांडवाच्या कडेला. डफडं जाऊन बँड आला, अंगावर झालरीचा कोट आला, तरी पंगतीतली त्याची जागा फारशी बदलली नाही. ज्याला आपण बसायला सांगत नाही त्याचं बसून ऐकायचं संगीत कसं तयार होणार? जर्मनीच्या नगरवादकाला रस्त्यावरून चर्चमध्ये जाण्याची वाट होती, गोव्याच्या वादकाला चर्चमधून स्टुडिओत जाण्याची. आमच्या बँडवाल्याची वाट मांडवाच्या दारापाशी संपते. आणि आता डीजेची गाडी आल्यावर ती वाटही अरुंद झाली आहे.

मुंबईत नरिमन पॉइंटला राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह यांनी तो उभा केला. त्यात कझाकस्तानातून आलेले अनेक वादक भारतीय वादकांच्या शेजारी बसतात. परदेशी कलावंताला जागा, पगार आणि शांत सभागृह दिलं तर सरहद्द ओलांडून संगीत येतं, हे तिथे सिद्ध झालेलं आहे. भंडाऱ्याहून ते सभागृह सुमारे नऊशे किलोमीटर. मला वाटतं, तेवढं दूर जाण्याची गरज नाही.

आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं नसतात. बँडवाल्यांपैकी अनेक जण त्या दिवसांत धानाच्या रोवणीला जातात, कोणी गवंड्याच्या हाताखाली काम करतो. वाद्यं फडक्यात गुंडाळून माळ्यावर पडतात. याच चार महिन्यांत जिल्ह्यातल्या वाचनालयांचे दिवाणखाने, शाळांची सभागृहं संध्याकाळी रिकामी असतात. झाडीपट्टीत आपण रात्र-रात्र बसून नाटक पाहणारी माणसं. बसून ऐकण्याची सवय आपल्याला शिकवावी लागणार नाही. चार पितळी वाद्यं, ढोल नाही, चालणं नाही, समोर पन्नास श्रोते. बालाघाटचे दोन, भंडाऱ्याचे दोन. त्यांना ठाऊक असलेलीच गाणी, पण एकेकाला एकेक सुरावट वाटून दिलेली. एवढं केलं तरी त्यांच्या कानाला काय येतं ते आपल्याला आणि त्यांनाही कळेल.

दुसरं काम वाचकांनी घरबसल्या करावं असं आहे. आपल्या घरी आई-वडिलांच्या किंवा आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो असेल, तर त्यात कडेला बँड उभा असतो. बहुधा अर्धा कापला गेलेला. तो फोटो घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दाखवा आणि विचारा, हे कोण होते, कोणत्या गावचे, पुढे त्यांचं काय झालं. जे नाव मिळेल ते फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. मी आतापर्यंत अशी एकतीस नावं गोळा केली आहेत. त्यातली दोन ट्रॉम्बोनवाल्यांची आहेत.